घरातलं गॅरेज: त्यांचा छंद, आमचा उपद्रव?

निवृत्त साहेब बंगल्याच्या पोर्चमध्ये १९६८ सालची जावा खोलून बसले की त्याला छंद म्हणतात. रविवारच्या पुरवणीत फोटो येतो. हाताला ग्रीस, चेहऱ्यावर हसू, मागे चहाचा ट्रे. आमच्या मोहल्ल्यातला विशीतला पोरगा ओट्यावर स्प्लेंडरचं इंजिन खोलून बसला की त्याला अतिक्रमण म्हणतात. फोटो त्याचाही निघतो, पण तो वॉर्ड ऑफिसातल्या तक्रारीला जोडण्यासाठी.

काम तेच आहे. दहाचा टी-पाना तोच, पक्कड तीच, पेट्रोलने भिजलेली चिंधी तीच. आपल्याला खोलणाऱ्याचं आडनाव काय, हे पिस्टनला कधी कळत नाही. मग एकाला कौतुक आणि दुसऱ्याला नोटीस का?

या लेखात मला तिघांशी भांडायचं आहे. पहिले, जे या कामाला हसतात. दुसरे, आपल्यातले शिकलेले, ज्यांना या कामाची लाज वाटते. आणि तिसरे आपलेच कारागीर, जे ‘आपल्याला काय होतंय’ असं म्हणत बायकामुलांच्या श्वासात पेट्रोल मिसळतात. तिसरं भांडण जड जाणार आहे, कारण ते घरातलं आहे. पण पहिली दोन भांडणं करायची आणि तिसरं टाळायचं, याला मी वकिली म्हणेन, लेखन म्हणणार नाही.

घरातच का?

‘यांना गाळा घेता येत नाही का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने कधी गाळा भाड्याने घेतलेला नसतो. रस्त्यावरच्या गाळ्याचं डिपॉझिट, दरमहा भाडं, व्यावसायिक दराचं वीजबिल, शटर, पाटी. दिवसाला तीन-चार गाड्यांची सर्व्हिसिंग करून हे निघत नाही. त्यात नाव ऐकल्यावर गाळा ‘कालच दिला’ असं सांगणारे मालक भेटतात, ती वेगळीच गोष्ट. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हे आकड्यांनिशी मांडलं होतं: मुसलमान कामगार नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त, आणि त्यातही वाहतूक, वाहनदुरुस्ती, कापड अशा ठरावीक धंद्यांत दाटीवाटीने. घरातच काम करणाऱ्यांचं प्रमाणही मोठं. म्हणजे पडवीतलं गॅरेज ही कुणाची हौस नव्हे. नोकरीचं दार बंद, बाजाराचं दार महाग, म्हणून घराचं दार उघडलं.

माझ्या चुलत्यांनी पस्तीस वर्षं घराच्या पडवीत दुचाक्या दुरुस्त केल्या. लुना, राजदूत, चेतक, पुढे स्प्लेंडर. त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक आसपासच्या वाड्यांवरचे. दूधवाल्याची गाडी रात्री नऊला बंद पडते आणि पहाटे पाचला त्याला डेअरी गाठायची असते. अधिकृत सर्व्हिस सेंटर सकाळी दहाला उघडतं आणि आधी वेळ घ्यायला सांगतं. दूध तोवर नासतं. चुलत्यांचं दार रात्री साडेनऊलाही उघडं असायचं, कारण ते त्यांच्या घराचंच दार होतं. पैसे ‘बिल निघाल्यावर देतो’ या बोलीवर. घरातल्या गॅरेजवर गावाचं दूध चालतं, हे डेअरीच्या ताळेबंदात लिहिलेलं नसतं.

आणि चाचीबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही. नट हातात घेतला की तो आठचा की दहाचा, हे तिला न मोजता कळायचं. खोललेल्या इंजिनाचे भाग ताटात ओळीने मांडून ठेवायची, म्हणजे जोडताना उलट क्रमाने उचलता यावेत. क्लच प्लेट घासून द्यायची, गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडपाठ ठेवायची. जनगणनेवाले आले की तिच्या नावापुढे ‘घरकाम’ लागायचं.

ज्यांच्या शेडचा इतिहास झाला

आता दुसऱ्या देशांकडे बघा. १९०३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, डेव्हिडसन कुटुंबाच्या घरामागे, दहा फूट बाय पंधरा फुटांची एक लाकडी शेड होती. त्या शेडच्या दारावर हार्ले-डेव्हिडसन मोटर कंपनी असं लिहिलेलं होतं. दहा बाय पंधरा! आमच्याकडच्या पडव्या त्याहून मोठ्या आहेत. आज ती गाडी लाखो रुपयांना विकत घेणारा माणूस त्या शेडची गोष्ट भक्तिभावाने सांगतो आणि खाली उतरून आमच्या गल्लीतल्या पडवीची तक्रार करतो.

जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, हामामात्सु गावात सोइचिरो होंडा नावाच्या माणसाने लष्कराच्या वायरलेस संचाची उरलेली छोटी जनरेटर इंजिनं सायकलींना बसवायला सुरुवात केली. पहिल्या प्रयोगाला टाकी म्हणून घरातली गरम पाण्याची शेकपिशवी वापरली, आणि ती सायकल चालवून बघितली त्याच्या बायकोने, साची होंडाने. आमच्या चाचीचं नाव निदान कुणीतरी साचीशेजारी लिहावं, म्हणून हे सांगितलं.

न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावातला बर्ट मन्रो तर आपल्या शेडमध्येच राहायचा. त्याने १९२० सालची एक ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकल चाळीसहून जास्त वर्षं घरी खोलली-जोडली. पिस्टनसुद्धा स्वतः ओतले. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने ताशी २९० किलोमीटरच्या पुढे वेग गाठला. त्याच्यावर सिनेमा निघाला. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास झाला नसेल का? झालाच असेल. पण त्या गावाला आज त्याचा अभिमान आहे.

मला आमच्या गल्लीत होंडा जन्मेल, असला दावा करायचा नाही. शंभरातले नव्याण्णव पोर पिस्टन रिंग बदलून पोट भरणार आहेत आणि त्यात काही कमी नाही. माझं म्हणणं साधं आहे: यंत्र समजणारा माणूस वर्गात तयार होतो तसा शेडमध्येही तयार होतो, हे जगाने मान्य केलेलं आहे. आमच्या बाबतीतच ते मान्य करायला जड का जातं?

पंक्चरची शिवी

‘पंक्चरवाला’ हा शब्द आता धंद्याचं नाव राहिलेला नाही, तो शिवी झालाय. फोनवर रोज दिसते. मुसलमान माणसाने अर्थव्यवस्थेवर, क्रिकेटवर, पावसावर काहीही लिहो, खाली उत्तर तयार: जा, पंक्चर काढ. १४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत पंतप्रधानांनीही वक्फच्या मालमत्तांचा नीट वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलींचे पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं, अशा आशयाचं वाक्य उच्चारलं.

त्यातली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. वक्फच्या जागा कुणी गिळल्या, कवडीमोल भाड्याने कुणी वापरल्या, हा प्रश्न आपणच आधी विचारायला हवा होता. पण उरलेल्या अर्ध्या गोष्टीबद्दल माझी हरकत आहे. पंक्चर काढणं ही शरमेची गोष्ट कधीपासून झाली? ट्यूब बाहेर काढा, पाण्याच्या घमेल्यात फिरवून बुडबुडा शोधा, कानस मारा, सोल्यूशन लावून सुकू द्या, ठिगळ बसवा, टायरच्या आतून हात फिरवून खिळा शोधा. यातली शेवटची पायरी विसरलात तर दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. ज्याला हे शरमेचं वाटतं त्याने घाटात रात्री अकरा वाजता स्वतः करून बघावं.

शरमेची गोष्ट वेगळीच आहे. बापाने पंक्चर काढले, मुलाने पंक्चर काढले, नातूही पंक्चरच काढतो आणि मधल्या साठ वर्षांत त्याला इंजिनापर्यंत, इंजिनापासून लेथपर्यंत, लेथपासून कारखान्यापर्यंत कुणी शिडीच लावली नाही, यात शरम आहे. ती शरम सरकारची आहे, आणि थोडी आपल्या पुढाऱ्यांचीही.

आपल्यातल्या शिकलेल्यांनाही दोन शब्द. लग्नाचा विषय निघाला की ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘गॅरेज आहे’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन लोक उठतात. बारा हजारांवर खाजगी शाळेत राबणारा पदवीधर चालतो, घरात पंचवीस हजार कमावणारा मेकॅनिक चालत नाही. जुम्म्याच्या बयानात हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताने लोखंडाची चिलखतं घडवून खायचे, हे आपण मान डोलावत ऐकतो. हाताच्या कमाईहून चांगली कमाई नाही, हेही ऐकतो. आणि बाहेर आल्यावर ज्याच्या नखात ग्रीस आहे त्याच्याशी हात मिळवताना कचरतो. बाहेरचे पंक्चरवाला म्हणून हिणवतात तेव्हा आपण चिडतो. घरातल्या घरात तेच करतो तेव्हा त्याला खानदान म्हणतो.

कायदा काय म्हणतो, आणि कुणाला?

माझा चुलतभाऊ कॉम्प्रेसरसाठी कर्ज मागायला एका बँकेत गेला. अधिकाऱ्याने विचारलं, ‘घराचा पत्ता आणि धंद्याचा पत्ता एकच कसा?’ जणू गुन्हा पकडला. फाइल परत.

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कारागिराला पाठ हवं. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी मोफत आहे, स्वयंघोषणेवर होते आणि घरातून चालणाऱ्या उद्योगालाही करता येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजके कामगार असलेल्या छोट्या धंद्याला नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना पुरते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय आहे. महापालिकेचे जागेच्या वापराचे नियम वेगळे असतात आणि ते पाळावे लागतील. पण ‘घरात धंदा म्हणजे आपोआप बेकायदा’ हे खरं नाही. आपले लोक कागदाला घाबरतात आणि समोरचा त्या भीतीवर जगतो.

दुसरीकडे १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा धंदे. अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. लोहार आहे, सुतार आहे, कुंभार, न्हावी, शिंपी, चांभार, कुलूप बनवणारा, मासळीची जाळी विणणारासुद्धा आहे. सगळे हक्काचे, सगळ्यांना मिळो. पण मोटार मेकॅनिक त्या यादीत नाही. गावगाड्यातला लोहार सरकारला दिसतो. त्याच गावात गाडी आल्यापासून तिच्यासाठी ऐरणीवर बसलेला नवा लोहार दिसत नाही. घरात बसून, हाताने, पिढीजात शिकलेलं कौशल्य ही जर कसोटी असेल, तर आमच्या पडवीतला उस्ताद त्यात कुठे कमी पडतो?

आणि तंत्र तर बदलतंच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. पूर्वी कानाने इंजिन ओळखणारा उस्ताद आता स्कॅनरशिवाय आंधळा आहे, आणि कंपन्यांची माहिती त्यांच्याच सर्व्हिस सेंटरच्या कुलपात आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही काढलं. त्यात वाहनं येतात. पण पोर्टलवरच्या नोंदीने गल्लीतल्या पोराच्या हातात स्कॅनर येत नाही. कायदा होऊन कंपनीवर सक्ती झाली, तर येईल. ही मागणी कोणत्या मुस्लिम आमदाराने, नगरसेवकाने सभागृहात मांडली आहे? शादीखान्यासाठी निधी मागायला सगळे पुढे असतात.

आता घरातलं भांडण

इथवर माना डोलावणारे आता थोडे नाराज होतील.

पेट्रोल घरात धुण्याची वस्तू नाही. हे वाक्य मी शंभर वेळा लिहायला तयार आहे. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, मग आपल्या मे महिन्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखी पसरते. पडवीतून माजघरात, माजघरातून चुलीपर्यंत. आणि आपल्या घरांत शेगडी कित्येकदा खाली जमिनीवरच असते. हवेत दीड टक्का वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. ‘वीस वर्षं करतोय, काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही. ज्यांच्याकडे झालं ते सांगायला उरले नाहीत.

दार लावून गाडी चालू ठेवणं ही दुसरी गोष्ट. पावसाळ्यात शटर अर्धं खाली ओढून ट्यूनिंग करतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं. माणूस म्हणतो, उपाशीपोटी काम केलं म्हणून असेल. पाळण्यातल्या लेकराला तर तेही सांगता येत नाही. मघाशी ज्या चाचीचं मी कौतुक केलं, तिच्या आयुष्यभराच्या डोकेदुखीचा हिशेब कुणी ठेवलाय? पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, ते रक्ताच्या कॅन्सरचं कारण आहे. ते उघड्या हातांनी, बंद खोलीत, रोज? कमाई हलाल आहे हे खरं. पण ज्यांच्यासाठी कमावतो त्यांचंच शरीर त्यात खर्ची घालायचं, याला काय म्हणायचं?

जळकं ऑईल गटारात ओतणं हे शेजाऱ्याच्या दारात ओतण्यासारखंच आहे. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवा. आणि कायद्याचंही राहू द्या. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानाबद्दल आपल्याला काय शिकवलं गेलंय, ते लहान मूलही सांगेल. शेजारी हिंदू की मुसलमान, ही अट त्यात नाही.

मग सायलेन्सर. रमजानच्या रात्री तरावीहनंतर फटाक्यासारखे आवाज काढत फिरणाऱ्या बुलेट कुणाच्या पडवीत तयार होतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्ती वेगळी आणि फेरफार वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पोलीस ते सायलेन्सर रोलरखाली चिरडतात तेव्हा ‘आपल्यालाच टार्गेट करतात’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, दवाखान्यासमोरून ती गाडी नेताना तुला कुणी टार्गेट केलं होतं? खऱ्या अन्यायाविरुद्ध बोलायची आपली ताकद आपण असल्या गोष्टींवर उधळतो.

हाच कायदा अपंग माणसासाठी गाडीत बदल करायला वाट ठेवतो. स्कूटरला बाजूची चाकं लावून, आरटीओकडून तपासून, नोंद करून घेता येते. ज्या हातांना फटाका सायलेन्सर जमतो, त्यांना हे काम सहज जमेल. एका माणसाला त्याचे पाय परत मिळतात. पैसेही मिळतात, दुआही मिळते.

आणि मुलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदतीची सूट २०१६ च्या दुरुस्तीत आहे, पण ती धोक्याच्या कामाला नाही. ‘छोटू, पाना आण’ हा आवाज शाळेच्या वेळेत आला तर ते गॅरेज कितीही हुनरमंद असो, त्याची बाजू मी घेणार नाही. पिढीजात हुनर आणि पिढीजात अडाणीपण यांतलं अंतर एका दाखल्याचं असतं.

फुलसावंगी आणि देवराष्ट्रे

दोन गावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. तिथल्या चोवीस वर्षांच्या एका मुस्लिम तरुणाने, शाळा अर्धवट सुटलेल्या, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या पोराने, मारुती ८०० चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये रात्री चाचणी घेताना मागचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं, आणि तो गेला. स्वातंत्र्यदिनाला ते लोकांना दाखवायचं त्याच्या मनात होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेल्या, किक मारून सुरू होणाऱ्या छोट्या जीपचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी ही गाडी नियमात बसत नाही, रस्त्यावर चालू देणार नाहीत, हे उघड सांगितलं आणि तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली.

एकाच्या वाट्याला बोलेरो, दुसऱ्याच्या वाट्याला कफन. यात कुणी धर्म शोधू नये, मीही शोधत नाही. जमिनीवरची जीप बंद पडते, हवेतलं यंत्र माणसाला घेऊन पडतं, एवढा तो फरक आहे. मला दिसतं ते दोघांतलं साम्य. दोघांनाही नियमात बसणारी जागा कुणी दिली नव्हती. कुठलं आयटीआय म्हणालं नाही की रात्री आमचं वर्कशॉप रिकामं असतं, इथे ये. कुणी अभियंता म्हणाला नाही की थांब, हे पातं आधी तपासू, डोक्यात हेल्मेट घाल, दोरीने बांधून चालवून बघ. देवराष्ट्रेला एका उद्योगपतीची नजर गेली, हे नशीब. नशीब ही योजना होऊ शकत नाही. फुलसावंगीच्या पोराला व्हिडिओवर शाबासकी देणारे पुष्कळ होते, ‘थांब’ म्हणणारं जाणतं माणूस नव्हतं.

घरातल्या गॅरेजचा प्रश्न मला म्हणून एवढा जिव्हाळ्याचा वाटतो. हुनर घरात आहे, पण तपासणारा डोळा घराबाहेर आहे आणि तो आत यायला तयार नाही.

मग करायचं काय?

सरकारकडे मागायचं ते मागूच: विश्वकर्माच्या यादीत मेकॅनिक घ्या, दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा, महापालिकांनी वस्तीजवळ छोटे गाळे परवडणाऱ्या भाड्याने द्या, आयटीआयची वर्कशॉप संध्याकाळी उघडा. पण सरकार येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही.

प्रत्येक शहरात जमातीच्या, दर्ग्याच्या, मशिदीच्या जागा आहेत. त्यांत दुकानं काढून भाडी घेतो. त्यातला एक गाळा, फक्त एक, सामाईक वर्कशॉप करा. चारही बाजूंनी हवा खेळणारी पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, एक इंजेक्शन स्कॅनर, एक फोम किंवा पावडरचं अग्निशामक, जळक्या ऑईलचं पिंप. तासावर भाडं. पेट्रोलचं, वेल्डिंगचं, बॅटरीचं काम तिथे होईल. घरात राहील ते कोरडं काम: ब्रेक, चेन, वायरिंग, सीट. धंदाही वाचतो, घरही वाचतं.

कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ नावाची सोय आहे. आधीच काम येणाऱ्या माणसाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात, पुन्हा शिकायला बसवत नाहीत. वाहन क्षेत्रासाठी त्याची स्वतंत्र परिषद आहे. इज्तिमाला बसगाड्या भरणारे आपण, मेकॅनिकांच्या एका शिबिराला चार रिक्षा भरू शकत नाही का? ते प्रमाणपत्र बँकेत दाखवता येतं, आखातात नोकरीला जाताना दाखवता येतं, आणि मुलीच्या बापालाही दाखवता येतं.

कारागीर भावांनो, तुमच्यासाठी यादी लहान आहे. भाग धुवायला पेट्रोलऐवजी रॉकेल किंवा डिझेल वापरा, तेही बाहेर, झाकणाच्या डब्यात. चूल पेटलेली असताना टाकी उघडू नका. गाडी चालू करायची तर तोंड रस्त्याकडे नाही, धुराडं रस्त्याकडे. रात्री दहानंतर अ‍ॅक्सिलेटर नाही. ओट्याच्या पुढे एक नट जाऊ देऊ नका, म्हणजे तक्रारदाराला फोटोच मिळणार नाही. आणि चाचीला, बायकोला, बहिणीला तिच्या कामाचा वाटा रोख द्या, उद्यम नोंदणीत तिचंही नाव घाला.

हसणाऱ्यांना एवढंच सांगेन: उद्या पहाटे तुमच्या दारात दुधाची पिशवी वेळेवर पडली, तर ती आणणारी गाडी रात्री कुणाच्या तरी पडवीत जोडली गेली असेल. तक्रार जरूर करा, धूर आला तर करा, ऑईल सांडलं तर करा. त्या तक्रारीवर मीही सही करीन. पण त्याच कागदावर, त्याच वॉर्डात, एका गाळ्याची मागणीही लिहा. त्या ओळीखाली तुमची सही येते का, हे मला बघायचं आहे.